विज्ञानाचे दप्तर

२ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत निरीक्षणाचे काम करणाऱ्या मनुष्याने टांगत्या चुंबकाचे विचलन नेहमीप्रमाणे वाचून जे आकडे वहीत उतरवले, ते रोजच्या आकड्यांपासून इतके दूर गेलेले होते की, एखाद्या नवख्याने यंत्र बिघडले असे समजून वही मिटून ठेवली असती. त्याने ती मिटली नाही. एरवी तासातासाने वाचन घ्यावे आणि चुंबक अस्वस्थ झाला की पंधरा मिनिटांनी, प्रसंगी पाच मिनिटांनी घ्यावे, असा वेधशाळेचा शिरस्ता होता. आणि त्या शिरस्त्याला अनुसरून त्या दिवशीही आकड्यामागून आकडा नोंदला गेला. आदल्याच दिवशी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिर्विदाने सूर्यबिंबावरील डागांच्या समूहाजवळ शुभ्र तेजाचे दोन ठिपके काही मिनिटे झळकून मावळताना पाहिले होते. परंतु ती वार्ता मुंबईत पोहोचलेली असणे शक्य नव्हते, आणि सूर्यावरील त्या झळकेचा कुलाब्याच्या चुंबकाशी काही संबंध असेल अशी कल्पनाही त्या काळी फार थोड्यांना सुचली असती. इंग्लंडातील स्वयंलेखी यंत्रांच्या रेषा त्या वादळात कागदाची मर्यादा ओलांडून बाहेर गेल्या, आणि त्यामुळे वादळाचा कळस किती उंच होता हे त्यांना सांगता आले नाही. कुलाब्यात मात्र माणसाचा डोळा आणि त्याची लेखणी यांनी तो कळस अंकांत पकडून ठेवला. ते अंक पुढे वेधशाळेच्या छापील खंडांत आले, आणि ते खंड टिकले.

१४४ वर्षांनी, म्हणजे २००३ साली, अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांचे सहकारी यांनी, ज्यांत मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना आणि अॅलेक्स हेही होते, या जुन्या नोंदींच्या आधारे त्या वादळाचे मोजमाप प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या सकाळी कुलाब्यात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरला होता. अगदी आपल्या स्मरणातील मार्च १९८९ मध्ये ज्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पाडली, त्याची तीव्रता दर्शवणारा निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला इतका होता, हे ध्यानात घेतले म्हणजे कुलाब्याच्या आकड्याचे गांभीर्य कळते. पुढील संशोधकांनी याच वाचनांची तासागणिक सरासरी काढून, वादळाची तीव्रता आरंभी मानली त्यापेक्षा बरीच कमी असावी, असा पक्ष मांडला. हा वाद आज होऊ शकतो आणि दोन्ही पक्षांना एकाच पुराव्याचा हवाला देता येतो, याचे कारण मूळ आकडे, ते कोणत्या यंत्राने घेतले, किती वाजता घेतले आणि कोणत्या एककात लिहिले याच्या तपशिलासह उपलब्ध आहेत.

याच वेधशाळेची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे दूषित होतील हे ओळखून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिचे काम १९०४ साली सुरू झाले. पण कुलाब्याचे काम त्या दिवशी थांबवण्यात आले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेण्यात आली, अशासाठी की, जुनी मालिका कोठे संपते आणि नवी कोठे सुरू होते, दोहोंत अंतर किती पडते, हे पुढच्या माणसाला हिशेबाने कळावे. त्या वेळचे संचालक नानाभॉय मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची निरीक्षणे त्यांच्या विवेचनासह दोन खंडांत १९१० साली प्रसिद्ध केली. आपल्याला कधीही न भेटणाऱ्या वाचकाची एवढी काळजी वाहणे हा ग्रंथालयाचा मूळ धर्म आहे. आणि मोजमापांच्या राशींवर उभ्या राहिलेल्या आजच्या विज्ञानाला ग्रंथालयाची गरज का आहे, याचे उत्तर मला या दोन वर्षांच्या दुहेरी नोंदीत दिसते.

ज्याला सर्वत्र ‘डेटा’ म्हणतात आणि मराठी परिभाषेने ज्याला ‘विदा’ हे नाव दिले आहे, ती आज संशोधकाच्या हाती किती टिकते? कॅनडातील टिमोथी व्हाइन्स आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाची पाहणी करून तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केला. वनस्पती व प्राणी यांच्या शरीराकृतीच्या मोजमापांवर आधारलेले, दोन ते बावीस वर्षांपूर्वीचे ५१६ शोधनिबंध त्यांनी निवडले आणि लेखकांकडे मूळ मोजमापांची मागणी केली. निबंध जितका जुना तितकी विदा मिळण्याची आशा क्षीण. निबंधाचे वय एका वर्षाने वाढले की विदा शिल्लक असण्याची शक्यता १७ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. कोणाचा ईमेलचा पत्ता बंद पडलेला, कोणाची विदा अशा जुन्या चकत्यांवर की त्या वाचणारे यंत्रच आता जवळ नाही. यांत कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. सार्वजनिक पैशाने, पुष्कळ वेळा रानोमाळ हिंडून घेतलेली ही मोजमापे टेबलाच्या खणात आणि माळ्यावरील खोक्यांत हरवली, कारण ती कोणाच्याही दप्तरी रुजू झालेली नव्हती.

ही हानी पूर्वीही होत असे. आज ती अधिक जाचते, कारण विज्ञानाची पद्धतच पालटत चालली आहे. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी जानेवारी २००७ मध्ये एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, प्रयोग, सिद्धांत आणि संगणकावरील प्रतिरूपण या तीन मार्गांच्या जोडीला आता विदेच्या राशींत शोध घेण्याचा चौथा मार्ग उघडला आहे. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते आपल्या नौकेसह समुद्रात बेपत्ता झाले. या चौथ्या मार्गाचा एक जुना दाखला १९८३ सालचा आहे. सॅन दिएगो येथील रसेल डूलिटल हे प्रथिनांच्या अनुक्रमांचा आपला खासगी संग्रह वर्षानुवर्षे स्वतः टंकून वाढवीत असत. रक्तातील बिंबिकांपासून मिळणाऱ्या, पेशींच्या वाढीस चालना देणाऱ्या एका प्रथिनाचा अनुक्रम त्यांनी त्या संग्रहाशी ताडून पाहिला, तेव्हा माकडात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी त्याचे विलक्षण साम्य आढळले. कर्करोग हा वाढीच्या नैसर्गिक यंत्रणेचाच बिघाड असू शकतो, या विचाराला त्या साम्याने मोठे बळ दिले. दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी, एकमेकींच्या कामाची कल्पना नसताना, निराळ्या हेतूंनी काढलेले अनुक्रम एका संग्रहात शेजारी ठेवता आले म्हणून तो शोध लागला.

अशा अनुक्रमांच्या सार्वजनिक संग्रहाला कायमचे घर मात्र एका ग्रंथालयाने दिले, आणि तो इतिहास सविस्तर सांगण्याजोगा आहे. अमेरिकेच्या सैन्याच्या शल्यप्रमुखाच्या कचेरीत १८३६ साली थोड्याशा वैद्यकीय पुस्तकांचा संग्रह होता. यादवी युद्ध संपल्यावर तो जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरांच्या स्वाधीन झाला. बिलिंग्ज यांनी पुस्तके तर जमवलीच. पण जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून येते याची विषयवार सूची १८७९ पासून नियमित काढण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. हीच सूची १९६४ पासून संगणकावर तयार होऊ लागली, आणि १९९६ पासून पबमेड या नावाने घरोघरच्या संगणकावर विनामूल्य खुली झाली. आज आपल्याकडील तालुक्याच्या गावातील डॉक्टरही ती सहज पाहू शकतो. त्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटांतून बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय निर्माण झाले.

इकडे लॉस अॅलमॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८२ साली जेनबँक नावाचा जनुकीय अनुक्रमांचा सार्वजनिक संग्रह सुरू झाला होता. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यात ६०६ अनुक्रम आणि एकंदर ६,८०,३३८ अक्षरे होती. अक्षरे म्हणजे ए, सी, जी आणि टी या चार रासायनिक घटकांची आद्याक्षरे. आरंभी संग्रहाचे कर्मचारी नियतकालिके चाळून त्यांत छापलेले अनुक्रम हाताने उतरवून घेत, आणि थोड्याच वर्षांत हे काम त्यांच्या आटोक्याबाहेर गेले. १९८८ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयात जैवतांत्रिक माहितीचे एक राष्ट्रीय केंद्र स्थापले, आणि १९९२ साली जेनबँक त्या केंद्राकडे आली. जनुकांचा संग्रह प्रयोगशाळेतून ग्रंथालयात आला, ही घटना त्या वेळी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकली नसेल. माझ्या मते ग्रंथालयांच्या अर्वाचीन इतिहासात तिच्या तोडीच्या घटना थोड्या आहेत.

ग्रंथालयाच्या परंपरेने या संग्रहाला जे दिले ते एका लहानशा शब्दात दिसते. आपल्याकडील कोणत्याही ग्रंथालयात नवे पुस्तक आले की ग्रंथपाल प्रथम ते दाखल नोंदवहीत चढवतो, त्याला दाखल क्रमांक देतो, आणि तो क्रमांक पुस्तकावर उमटवल्यावाचून ते पुस्तक फडताळात जात नाही की देवघेवीच्या खिडकीवर येत नाही. जेनबँकेतही तेच. जो अनुक्रम आला त्याला दाखल क्रमांक मिळतो. तो कोणी पाठवला, कोणत्या जीवाचा आहे, कोठून व केव्हा मिळाला, हे सारे त्या क्रमांकाखाली नोंदले जाते. आणि हा क्रमांक हाती असल्यावाचून शोधनिबंध छापायचा नाही, असा दंडक नियतकालिकांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीपासून घालण्यास आरंभ केला. संशोधकाने आपली विदा जमा करावी यासाठी उपदेश पुष्कळ झाले होते. या एका दंडकाने जे साधले ते उपदेशाने साधले नव्हते. युरोप आणि जपान येथील सहोदर संग्रहांशी जेनबँकेची रोजच्या रोज देवाणघेवाण चालते, त्यामुळे एका ठिकाणी दाखल झालेला अनुक्रम तिन्ही ठिकाणी दिसतो.

जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात वूहान येथील नव्या विषाणूचा अनुक्रम जगासमोर आला. जेनबँकेतील त्याचा दाखल क्रमांक ‘एमएन ९०८९४७’ असा आहे, आणि त्या क्रमांकापुढे एक बिंदू देऊन ३ हा अंक लिहितात. तो अंक म्हणजे तिसरी सुधारित आवृत्ती, जिच्यात २९,९०३ अक्षरे आहेत. अनुक्रम दुरुस्त झाला, तरी आधीच्या आवृत्त्या पुसल्या गेल्या नाहीत, आणि कोणत्या संशोधकाने कोणत्या आवृत्तीवर काम केले हे आजही सांगता येते. मॉडर्ना कंपनीने आणि अमेरिकेतील शासकीय शास्त्रज्ञांनी आपल्या लशीतील अनुक्रम १३ जानेवारीला निश्चित केला, त्या वेळी त्यांच्यापाशी विषाणू नव्हता; त्याची सार्वजनिक दप्तरात रुजू झालेली नोंद तेवढी होती.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, मग प्रश्न केवळ साठवणीचा आहे आणि मोठी संगणकयंत्रे घेतली की तो सुटेल. तसे नाही, हे कळण्यासाठी एक साधा तक्ता डोळ्यांसमोर आणावा. एखाद्या संशोधकाने शेतातील मातीचे तापमान रोज मोजून संगणकावर एक तक्ता तयार केला आहे. स्तंभांची शीर्षके ‘टी १’, ‘टी २’ अशी आहेत. टी म्हणजे तापमान की ठिकाण हे लिहिलेले नाही. अंश सेल्सिअसचे की फॅरनहाइटचे तेही नाही. ज्या दिवशी यंत्र बंद होते त्या दिवसाच्या चौकटीत, रूढ प्रघाताप्रमाणे, उणे ९९९ हा आकडा भरलेला आहे. संशोधकाला याचा अर्थ ठाऊक आहे. पाच वर्षांनी तो तक्ता दुसऱ्याच्या हाती पडतो, आणि तो मनुष्य दहा दिवसांची सरासरी काढतो: नऊ दिवस २० अंश, एक दिवस उणे ९९९, सरासरी उणे ८१.९. हा आकडा इतका अशक्य आहे की चूक ताबडतोब उघडकीस येईल. परंतु हजारो वाचनांत अशी एखादीच चौकट असली तर सरासरी अर्धापाव अंशाने ढळेल आणि कोणालाही संशय येणार नाही. शिवाय त्याच संगणकात ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’ आणि ‘अंतिम नवे दुरुस्त’ अशा तीन फायली असतील, आणि निबंधातील आलेख त्यांपैकी कोणत्या फायलीवरून काढला हे काही महिन्यांनी खुद्द कर्त्यालाही आठवणार नाही.

ही चिंता काल्पनिक नाही. सेप्टिन या प्रथिनकुलातील एका मानवी जनुकाचे संक्षिप्त नाव ‘सेप्ट २’ असे होते. एक्सेल या सुप्रसिद्ध हिशेबी प्रणालीत ते लिहिले की प्रणाली त्याला तारीख समजून ‘२ सप्टेंबर’ करून टाकी. ‘मार्च १’ या जनुकाचीही हीच गत. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१६ साली तपासणी केली, तेव्हा एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत हा दोष आढळला. अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली. ज्याला प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकाचे, कर्त्याच्या नावाचे आणि आवृत्तीचे अक्षर न अक्षर पडताळून मगच नोंद करण्याची सवय आहे, असा मनुष्य आरंभीच शेजारी बसलेला असता, तर यांपैकी कितीतरी चुका तक्त्यातच सापडल्या असत्या.

मराठी वाचकाला ही दृष्टी परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे विदेच्या राशीवर उभारलेल्या संशोधनाचे, संगणकापूर्वीचे, अस्सल उदाहरण आहे. काश्मीरपासून केरळपर्यंतची १,२५९ हस्तलिखिते तिच्यासाठी ताडून पाहण्यात आली. हस्तलिखितांना लिपी व परंपरा यांवरून संकेताक्षर आणि क्रमांक दिलेला. ते कोठले, कोणाच्या संग्रहातले, याचा तपशील नोंदलेला. श्लोकाश्लोकाखाली निरनिराळ्या प्रतींतील पाठभेद संकेताक्षरांसह छापलेले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या या पद्धतीत संपादकाने जो पाठ नाकारला तोही वाचकापासून लपवलेला नाही, आणि त्यामुळे ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्याला त्याच पानावरील सामग्रीतून आपला निराळा निर्णय बांधता येतो. शास्त्रीय विदेकडून आज जी अपेक्षा केली जाते, म्हणजे मूळ आकडे वेगळे, दुरुस्त आकडे वेगळे, दुरुस्ती कोणी व का केली याची नोंद वेगळी, ती अपेक्षा या आवृत्तीने अक्षरशः पाळलेली आहे.

विदेचा ठावठिकाणा कायम राहावा म्हणून जी योजना झाली तिच्यातही पुढाकार ग्रंथालयाचाच होता. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, संस्थांची नावे बदलतात. म्हणून शोधनिबंधांना डीओआय नावाचा एक स्थायी क्रमांक देण्याची पद्धत पूर्वीच सुरू झालेली होती. जर्मनीतील हानोव्हर येथील तंत्रविज्ञानाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००५ सालापासून हा क्रमांक विदासंचांनाही देण्याची व्यवस्था केली, आणि १ डिसेंबर २००९ रोजी निरनिराळ्या देशांतील ग्रंथालये व माहितीकेंद्रे यांनी लंडन येथे एकत्र येऊन डेटासाइट ही संस्था त्याच कामासाठी स्थापन केली. याचा एक परिणाम असा की, मोजमापे करणाऱ्याचे श्रम आता निबंधलेखकाच्या श्रमांप्रमाणे उद्धृत करता येतात, आणि ज्याने केवळ उत्तम विदा जमवली त्याचेही नाव विद्वत्तेच्या हिशेबात जमा होते.

सर्व काही सर्वांना खुले असावे, असा माझा आग्रह नाही. ग्रंथालयांनाही तो कधी नव्हता. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या अर्बुदातून १९५१ साली तिच्या अनुमतीवाचून घेतलेल्या पेशी ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या. मार्च २०१३ मध्ये या पेशींचा संपूर्ण जनुकीय अनुक्रम काही संशोधकांनी सर्वांसाठी प्रसिद्ध केला, आणि त्यातून तिच्या नातवंडा-पतवंडांच्या आरोग्याची गुपिते उघडी पडू शकतात हे ध्यानात आल्यावर तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुटुंबीयांशी समझोता झाला: अनुक्रम राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या नियंत्रित संग्रहात राहील, संशोधकाने हेतू सांगून अर्ज करावा, आणि अर्जांचा विचार करणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबातील व्यक्ती असाव्यात. दुर्मीळ हस्तलिखिते पाहण्यासाठी ओळख पटवून, हेतू लिहून, ग्रंथपालासमोर बसून वाचण्याची जी जुनी पद्धत, तिचाच हा नवा अवतार. आपल्याकडे रुग्णांच्या, आदिवासी पाड्यांच्या, जातिनिहाय पाहण्यांच्या विदेला हाच बंदोबस्त लागेल.

त्याचप्रमाणे, सर्व काही जपावे हेही शक्य नाही. चिलीतील रुबिन वेधशाळा एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट विदा निर्माण करते. फेब्रुवारी २०११ मध्ये खुद्द बेथेस्डाच्या केंद्राने, पैशाच्या तंगीमुळे, अनुक्रमांच्या कच्च्या वाचनांचा आपला प्रचंड संग्रह टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले होते. पुढे निधीची तरतूद झाली म्हणून तो वाचला. जीर्ण आणि निरुपयोगी ग्रंथांचे निर्लेखन कसे करावे, त्याची यादी कोणासमोर ठेवावी, कोणत्या प्रतीला हात लावू नये, याचे नियम ग्रंथालयांपाशी आहेत आणि ते पुष्कळ चुकांमधून शिकून बनलेले आहेत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या विदासंग्रहात प्रसिद्ध झालेला संच दहा वर्षे सांभाळण्याची हमी दिली आहे, आणि ती मुदत संपल्यावर तो पुढे ठेवावा की नाही हे ग्रंथसंग्रहाच्या रीतीने ठरवावयाचे, अशी व्यवस्था केली आहे. मुदत आधी सांगणे आणि निर्णय कोणाचा हे आधी ठरवणे, यांत मोठे शहाणपण आहे.

हे काम विद्यापीठाच्या संगणक विभागाने का करू नये, असा प्रश्न विचारला जातो. संगणक विभागावाचून ते होणारही नाही. पण यंत्राचे आयुष्य पाच-सात वर्षांचे, प्रकल्पाची मंजुरी तीन किंवा पाच वर्षांची, संशोधक विद्यार्थी तर पदवी मिळताच निघून जाणारा. विद्यापीठात पिढ्यांच्या हिशेबाने विचार करणारी, आणि तसा विचार करण्यासाठीच वेतन मिळणारी, संस्था एकच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १८ जानेवारी २०११ पासून, निधी मागणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत विदेच्या व्यवस्थेची योजना जोडण्याची सक्ती केली, तेव्हा गांगरलेले प्राध्यापक साहाय्यासाठी ज्या दारी गेले ते बहुधा ग्रंथालयाचे होते. आणि पुष्कळ ग्रंथपालांनी त्या निमित्ताने प्रयोगशाळेत जाऊन, संशोधक आकडे कसे घेतो, कोठे लिहितो, काय टाकून देतो, हे प्रथमच जवळून पाहिले. निबंध छापून झाल्यावर ग्रंथपालाच्या स्वाधीन केलेली विदा म्हणजे मुखपृष्ठ फाटलेले, पाने सुटलेले पुस्तक. ग्रंथपालाला बोलावणे जायला हवे ते पहिला आकडा घेण्याआधी. त्यासाठी ग्रंथपालालाही शिकावे लागेल: थोडी संख्याशास्त्राची ओळख, थोडी संगणकाची भाषा, आणि निदान एका शास्त्रशाखेतील कामाच्या रीतीचा निकट परिचय. ग्रंथालयशास्त्राच्या आपल्या अभ्यासक्रमांत याला आज जेवढी जागा आहे तेवढी पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे काहीच नाही असे मुळीच नाही. नारायणगावजवळ खोडद येथे केंद्र असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या अभिलेखात साठवली जातात, आणि निरीक्षकाची राखीव मुदत संपली की ती इतरांनाही मागता येतात. शासकीय विदा खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण २०१२ सालचे आहे, आणि फरिदाबाद येथे २०२२ साली भारतीय जैविक विदा केंद्राचे उद्घाटन झाले. परंतु या मोठ्या संस्थांच्या छायेबाहेर, जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत, कृषिविद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर, वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत जी मोजमापे रोज घेतली जातात, त्यांना दाखल नोंदवही नाही. पावसाचे, पिकांच्या वाणांचे, विहिरींच्या पाणीपातळीचे, सर्पदंशाच्या रुग्णांचे हे आकडे अन्य कोणत्याही देशात कोणी आपल्यासाठी घेणार नाही, आणि गेलेल्या वर्षाचा पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की, मोठ्या योजनेची आणि मोठ्या अनुदानाची वाट न पाहता त्यांनी या वर्षी एकच प्रकल्प निवडावा. त्याच्या पहिल्या बैठकीला ग्रंथपालाला बोलवावे. कोणता आकडा कोणत्या एककात, कोणत्या नावाने, कोठे लिहायचा, न मिळालेले वाचन कसे दर्शवायचे, आणि पाच वर्षांनी ही फाईल कोणाच्या ताब्यात असेल, एवढे एका पानावर उतरवावे. त्या पानावर संशोधकाबरोबर ग्रंथपालाचीही स्वाक्षरी घ्यावी. आणि ते पान ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत क्रमांक घालून चढवावे.